बारा हजारांत लग्नाची फुलं

बजेट बारा हजार, लग्न ऐन मे महिन्यातलं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, आणि नवरीच्या मोबाईलमधला फोटो मात्र ऑर्किड आणि हायड्रेंजियाने भरलेल्या स्टेजचा. माय-लेकी माझ्या फुलांच्या दुकानात आल्या होत्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. आपसात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. "ताई, एवढ्यात बसवा की," मुलगी म्हणाली.

मी तिला सगळं खरं सांगितलं. ऑर्किड बहुतेक थायलंडहून विमानाने येतं, त्याचं भाडंही आपल्याच बिलात धरलेलं असतं. हायड्रेंजिया तर पाण्याबाहेर काढलं की लगेच मान टाकतं, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. पत्र्याच्या कार्यालयात जरबेराचे देठ वाकतात, डच गुलाबाच्या कडा काळ्या पडतात. त्यातून लग्नाची दाट तिथी असली की सगळं शहर एकाच फुलावर तुटून पडतं आणि दर सकाळी एक, दुपारी दुसरा. अक्षता पडेपर्यंतही जे टिकणार नाही, त्यात कष्टाचा पैसा का घालायचा?

मुलगी हिरमुसली. आई गप्पच होती. मी विचारलं, "अक्का, तुम्हाला काय पाहिजे?"

"हिला जडा पायजे. खऱ्या मोगऱ्याची. वेणीच्या टोकापर्यंत."

जडा म्हणजे नवरीची पूर्ण वेणी झाकणारी फुलांची पट्टी. तेलुगू घरांत तिचा मान मोठा. आणि मोगरा हे तर उन्हाळ्याचंच फूल. हिवाळ्यात हात लावू देत नाही, मेमध्ये आवाक्यात येतो. माझं स्वतःचं मत पक्कं आहे: फुलांचा पैसा आधी नवरीच्या अंगावर, मग वरमालांवर, उरेल तो स्टेजवर. पाहुण्याला लांबून रंग दिसतो, फूल दिसत नाही. वेणीतला मोगरा मात्र शेजारी बसणाऱ्या प्रत्येकीला कळतो.

स्टेजचं लगेच ठरलं. मागचा पडदा कार्यालयाच्या भाड्यातच होता. त्यावर पिवळ्या-केशरी झेंडूच्या माळा, कडेने अशोकाची पानं, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, दारावर आंब्याचे डहाळे. झेंडूला ऊन सोसतं. वरमाला गुलाब आणि निशिगंधाच्या, जाड पण साध्या.

अडलं ते जडेच्या मजुरीवर. कळ्यांपेक्षा ओवणाऱ्या हातांचे पैसे जास्त होतात, आणि लग्नाच्या दिवसांत कारागीर मिळत नाही. मी हे बोलले तशी आई म्हणाली, "ओवायचं आम्ही बघतो. तुम्ही कळ्या आणून द्या."

आदल्या दिवशी पहाटे बाजारातून मिटलेल्या कळ्या घेतल्या. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारचा, म्हणून दिवसभर ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवल्या. कळ्यांना बर्फ थेट लागू द्यायचा नाही, डाग पडतात.

संध्याकाळी त्यांच्या गल्लीत गेले. ओट्यावर बायका जमल्या होत्या, मांडीवर विड्यांचीच सुपं, पण धुऊन पुसलेली. आईने आधी प्रत्येकीला लिंबाने हात चोळायला लावले. तंबाखूचा वास फुलांना लागायला नको. विडीचा दोरा बारीक, कळीचा देठ कापला जातो, म्हणून मी जाडसर सुती दोरा भिजवून नेला होता. कसं गाठवायचं ते एकदा दाखवलं. पुन्हा दाखवायची वेळ आली नाही. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे तोंड करून, दोऱ्याचा फेर, गाठ. हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या बोटांचा वेग काय असतो ते मी तेव्हा इतक्या जवळून पाहिलं. बोलणं चालू, गाणं चालू, नजर कळीवर नाहीच. नवरी सुद्धा मेंदीचे हात वर धरून मध्ये बसली होती आणि स्टेजच्या त्या फोटोचा विषय एकदाही काढला नाही.

मी कापडाच्या पट्टीवर त्या माळा टाकत गेले, मधोमध अबोलीची एक रेघ. रात्री जडा पुन्हा पेटीत. सकाळी नटवताना बाहेर काढली तेव्हा कळ्या मिटलेल्याच होत्या. मुहूर्ताच्या सुमारास उमलू लागल्या. नवरी अंतरपाटाशी आली तशी पुढच्या रांगेतल्या बायका वळून तिच्या वेणीकडे बघत होत्या.

बिल बारा हजारांच्या आत बसलं. उरलेले पैसे आईने घेतले नाहीत, पुढच्या मुलीसाठी जमा ठेवा म्हणाली. मीच मग दुसरी गोष्ट विचारली. आता मोगऱ्याची मोठी ऑर्डर आली की कळ्या त्या गल्लीत जातात आणि मजुरी हातभर माळेच्या हिशेबाने त्याच संध्याकाळी रोख दिली जाते. दर त्यांनी ठरवलाय.