डाव्या हाताची मूठ

एअर पिस्तुलाच्या वाटेला मी मुलामुळे गेले. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला धुळ्यातल्या एका रेंजवर घातलं. रेंज म्हणजे काय, जुन्या गोदामाचा लांबट हॉल, दहा मीटरवर कागदी टार्गेटं आणि ती पुढे-मागे नेणारी दोरीची गरगर फिरणारी चाकं. पत्र्याखाली बाहेरच्या चव्वेचाळीस अंशांत आणखी दोन-तीन मिसळायचे. मुलगा तीन आठवड्यांत कंटाळला आणि क्रिकेटकडे वळला. भरलेली फी वाया जाऊ नये म्हणून उरलेले दिवस मी जायला लागले. पतसंस्थेत लेखापालाचं काम करणाऱ्या बाईला पैसे बुडालेले बघवत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

सरांनी पहिल्या दिवशी क्लबचं जुनं रशियन बैकल पिस्तूल हातात दिलं. त्याला हवेची टाकी नसते. नळीखालचा लांब दांडा एकदा ओढून बंद केला की एका शॉटपुरती हवा आत दाबली जाते. साठ शॉट म्हणजे साठ वेळा दांडा. वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि मूठ उजव्या हाताची. मी डावखुरी. उजव्या हाताच्या मुठीला अंगठ्यासाठी जी खाच असते, तिथे माझी बोटं यायची आणि बोटांच्या जागी अंगठा. दुसऱ्याची चप्पल उलट्या पायात घातल्यासारखं. तरीही आठ महिने मी त्यावरच शिकले. कधी सातच्या वर्तुळात, कधी बाहेर पांढऱ्यावर, आणि मधूनच एखादा थेट दहात. त्या एका दहासाठी दुसऱ्या दिवशी परत जायचं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. सातपासून आतला काळा गोल सुमारे सहा सेंटिमीटरचा. आणि हे सगळं एका हाताने, कुठेही न टेकता. दुसरा हात खिशात ठेवा नाहीतर पट्ट्यात अडकवा. पॅरिसमध्ये 2024 ला तुर्कस्तानचे युसुफ दिकेच खिशात हात घालून उभे होते तो फोटो सगळ्यांनी पाहिला. आमच्या ऑफिसातही तो फिरला. लोकांना वाटलं माणूस बेफिकीर आहे, पण आमच्या खेळात सगळे तसेच उभे राहतात.

त्याच पॅरिसमध्ये मनू भाकरने दोन कांस्यं आणली आणि आमच्या रेंजवर पोरांची रांग लागली. सर मात्र पालकांना टोकियोची गोष्ट सांगायचे. 2021 मध्ये पात्रता फेरी चालू असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. “महाग पिस्तूल घेतलं म्हणून ते दगा देणार नाही असं नसतं,” हे ते पालकांना सांगायचे, पण बघायचे माझ्याकडे. कारण तोवर मी स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरवलं होतं.

पहिला प्रश्न घरातलाच. “परवाना लागेल. पोलीस स्टेशनला चकरा माराव्या लागतील,” हे म्हणाले. नाही लागत. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याची गरज नाही. ओळखपत्र दिलं की झालं. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद सहा-सात जूलच्या घरात असते. परवान्याचा कारभार आहे तो 25 मीटरच्या, काडतुसाच्या .22 पिस्तुलाला, आणि तिकडे मी गेलेच नाही. सासूबाईंचं समाधान मात्र जूलने झालं नाही. “नाव पिस्तूलच ना?” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरा प्रश्न पैशांचा. परदेशी बनावटीचं नवं पिस्तूल दीड लाखाच्या पुढे. स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी ही नावं रेंजवरची दहावीतली पोरं मोटारसायकलींची नावं घ्यावीत तशी घेतात. मी महिनाभर रात्री फोनवर बॅरलची लांबी आणि ट्रिगरचे प्रकार वाचत बसले. मोरिनीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर किती सुंदर, पण त्याला बॅटरी. स्टेयरला शॉटनंतरचा धक्का शोषून घेणारी रचना. वही भरली, पण निर्णय होईना.

शेवटी सरांनी वही बंद करायला लावली. “मॅडम, दहा मीटरवर यातलं कुठलंही पिस्तूल तुमच्यापेक्षा चांगलंच मारतं. डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटकडे बघत असेल तर ते तुमचं.”

ही परीक्षा मी पुण्यात बालेवाडीला केली. राज्य स्पर्धा बघायला गेले होते, तिथल्या ओळखीच्या नेमबाजांची पिस्तुलं त्यांच्या परवानगीने, रिकामी, हातात धरून. डोळे मिटले, हात उचलला, उघडले. जवळजवळ सगळी भलतीकडे बघत होती, आणि का ते उघड होतं. सगळ्या मुठी उजव्या. एक डावखुरा मुलगा भेटला, त्याची मूठ माझ्या हाताला मोठी होती, पण पिस्तुलाची नळी पहिल्यांदाच सरळ समोर आली. ते स्टेयर एलपी 10 होतं. इतके दिवस मी नळी आणि ट्रिगर निवडत होते, तळहाताला लागणाऱ्या लाकडाचा विचार वहीत कुठेही नव्हता.

नवं परवडत नव्हतं, म्हणून जुनं शोधलं. एका उजव्या हाताच्या नेमबाजाला त्याचं एलपी 10 विकायचं होतं. डाव्या-उजव्याचा फरक मुख्यतः मुठीचा, मूठ बदलता येते, म्हणून मी तयार झाले. पैसे पाठवायच्या आदल्या रात्री सरांनी फोनवर विचारलं, “सिलेंडरवरची तारीख बघितली का?”

नव्हती बघितली. नळीखाली जी हवेची टाकी असते तिच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनंतर ती स्पर्धेत चालत नाही. कारण साधं आहे. मोटारच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते, या टाकीत दोनशे. एवढा दाब चेहऱ्याजवळ धरून उभं राहायचं असतं. फोटो मोठा करून बघितला तर टाकीला अकरावं वर्ष लागलेलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “चालतं हो ताई, मी अजून भरतोय.” मी टाकीची किंमत वजा करून भाव सांगितला. तो दोन दिवस गप्प राहिला आणि मग हो म्हणाला. जुनं घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी तारीख बघावी, बॅरल नंतर.

नवी टाकी आणि डाव्या हाताची मूठ एका विक्रेत्याकडून मागवली. हाताचा कागदावर आराखडा काढून पाठवला, जसा मुलांच्या बुटांसाठी पायाचा काढतो. ‘स्मॉल’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. चार महिन्यांनी पार्सल आलं. मूठ डावीच होती, पण मध्यम मापाची. विक्रेत्याचं उत्तर असं की स्मॉल यायला आणखी सहा महिने, आणि मध्यममध्येही “ॲडजस्ट होतं”. हे ॲडजस्ट कोणी करायचं, ते मात्र सांगितलं नाही.

ते केलं आमच्या गल्लीतल्या सुतार आबांनी. दरवाजे, पाट, देव्हारे करणारे आबा, वय सत्तरीच्या पुढे. मूठ पिस्तुलापासून सोडवून एकटीच त्यांच्याकडे नेली, घाबरतील म्हणून. त्यांनी ती उलटीपालटी केली, नखाने टोकली आणि म्हणाले, “हाई मूठ मोठा हातना माणूसनी शे.” मग माझा डावा हात धरून तळव्यावर अंगठा फिरवला, गाय विकत घेताना दात बघावेत तसा.

आधी कानस. जिथे बोटांची टोकं लाकडाला अडत होती तिथे त्यांनी थोडं थोडं घासलं. दोन ओढी कानस, मग “धर”. परत दोन ओढी, परत “धर”. भुसा निघावा तर इतका की चिमटीतसुद्धा येऊ नये. मग भर. एम-सीलच्या दोन वड्या कणकेसारख्या एकत्र मळल्या, रंग एक झाल्यावर तळव्याच्या पोकळीत थापल्या. माझ्या हाताला खोबरेल तेल चोपडलं आणि सांगितलं की नेमबाजीत धरतेस तसं धर, आणि हालू नकोस. मी त्यांच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, भिंतीकडे तोंड करून मूठ धरून उभी. समोरून भाजीवाली गेली, तिने काही विचारलं नाही. वीसेक मिनिटांनी हात काढला तर आत माझ्या तळव्याच्या रेषासुद्धा उमटलेल्या.

दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पॉलिश पेपर. मग पिस्तुलावर चढवून बोलावलं. “आते धर. कसं वाटस?”

डोळे मिटले, हात उचलला, उघडले. माशी, म्हणजे पुढची साइट, मागच्या खाचेच्या बरोबर मधोमध होती. मनगट वाकवावं लागलं नाही.

पण एक घोळ होता. नियमाप्रमाणे अख्खं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं. वजन दीड किलोच्या आत, तो प्रश्नच नव्हता. आबांनी अंगठ्याखालचा कट्टा आरामात बसावा म्हणून जरा ऐसपैस केला होता. मी पट्टी लावली तर रुंदी चोपन्न. पन्नासचा नियम आबांना पटला नाही. “चार मिलिमीटरनं काय बिघडस?” ते चिडलेच होते. शेवटी त्यांनीच प्लायवूडची नेमक्या मापाची पेटी केली, पिस्तूल आत घालून बघितलं, अडकलं, आणि मग न बोलता कानस उचलली. तळहाताच्या टाचेखालचा कट्टाही थोडा तासला. तो मुठीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेला चालत नाही, मनगटाला आधार मिळता कामा नये म्हणून. ती पेटी अजून माझ्याकडे आहे. आता तिच्यात छर्ऱ्यांचे डबे राहतात.

हवा भरण्याचं सांगायचं तर फार नाही. धुळ्यात तयार दाबाची हवा सहज मिळत नाही, म्हणून हातपंप. दीडशे बारपर्यंत मीच, पुढचे पन्नास मुलगा आणि हे आळीपाळीने, अंगाचं वजन टाकून. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावलाय, पावसाळ्यात तो लवकर बदलावा लागतो. टाकी उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही, हे खानदेशात राहून वेगळं सांगायला नको.

छर्ऱ्यांवर मी वेळ घालवला नाही. दोन जर्मन कंपन्यांचे डबे आणले, बॅरल पाट्यावर शिकंज्यात आवळून दोन्हीचे दहा-दहा शॉट मारले. ज्यांची भोकं एकमेकांवर पडली ते घेतले. डोळ्यांचं मात्र लांबलं. चाळिशी लागलेली, त्यामुळे माशी धूसर. नेमबाजाने टार्गेट नाही, माशी स्पष्ट बघायची असते. डॉक्टरांना हाताच्या अंतराचा नंबर हवा हे समजवायला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी चिंधीचा तुकडा दोरीला बांधून नेला, हात लांब करून तो समोर धरला, “डॉक्टर, हे मला स्पष्ट दिसलं पाहिजे.” तेव्हा कुठे काम झालं.

पहिली मोठी स्पर्धा बालेवाडीलाच. रातराणीने गेले. पिस्तूल पेटीत, नळीत भगव्या रंगाची सुरक्षा दोरी, सोबत बिल आणि नियमांची छापील प्रत. कंडक्टरने काही विचारलं नाही, मीच झोपले नाही. सकाळी तपासणीच्या टेबलावर आधी पेटी. पिस्तूल सर्रकन आत गेलं. मग ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवून उभं उचलतात, ट्रिगर सुटला नाही तर पास. माझा सुटला. स्क्रू पाव फेरा आवळला, परत उचललं, तरलं. तिकीट चिकटलं.

मग टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “हात दाखवा.” पिस्तूल धरणाऱ्या हातात घड्याळ, बांगड्या, कडं काही चालत नाही. मला हे पाठ होतं. आणि तरी डाव्या हातात हिरव्या काचेच्या सहा बांगड्या, आधल्या रविवारी चाळीसगावच्या लग्नात सासूबाईंनी कासारणीकडून अगदी घट्ट भरवलेल्या. रेंजच्या बेसिनवर साबण लावून पाच काढल्या. सहावी निघेना. साठ शॉटसाठी सव्वा तास, त्याआधी तयारीची पंधरा मिनिटं, आणि ती सुरू व्हायला दहा मिनिटं बाकी. मी ती बेसिनच्या कडेवर आपटली.

गुण 600 पैकी 527. संध्याकाळी घरी फोन केला आणि नंबर लागला नाही हे सांगून टाकलं. बांगडी फुटल्याचंही सांगितलं. सासूबाईंनी मध्येच अडवलं.

“फुटली म्हणू नये. वाढली म्हण.”