दोनशे सात रुपयांत माणूस साक्षर

परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बसल्या बसल्या हिशोब केला. उल्लास, म्हणजे मोठ्या माणसांना लिहायला वाचायला शिकवायचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७, सगळ्या देशासाठी मिळून १०३७ कोटी ९० लाख. त्यातले ७०० कोटी केंद्राचे आणि बाकीचे राज्यांनी घालायचे. शिकवायचे किती जण, तर ५ कोटी. घाला भागाकार. माणशी २०७ रुपये आणि वर काही पैसे. वर्षाला नाही हं, पाच वर्षांत मिळून एकदाच. एवढ्यात आमच्याकडं पाव किलो मटण येतं, ते पण हाडं धरून.

माझं जालना जिल्ह्यात गावात ऑनलाईन कामाचं दुकान आहे, लोक सेतू म्हणतात, तसं ते सेतू नाही पण असो. आधार, पॅन, पीकविमा, बँकेचे पैसे काढून देणं, सगळं चालतं. त्यामुळं गावात कोण सही करतंय आणि कोण अंगठा लावतंय हे मला तलाठ्यापेक्षा जास्त माहिती असतं म्हणलं तरी चालेल. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती आणि आमच्या जिल्ह्याची ७१ च्या आसपास, बायकांची तर ६१. नंदुरबारनंतर खालून आमचाच नंबर. नवी जनगणना व्हायचीय, आकडा वाढलेला असेलच, पण माझ्या दुकानातली स्टॅम्प पॅडची शाई काही कमी लागत नाही.

लाडक्या बहिणीची ई-केवायसी चालू होती तेव्हाची गोष्ट सांगतो. गल्लीतल्या एक मावशी आल्या, साठीच्या आतबाहेर, साक्षरतेच्या वर्गाला जाऊन आलेल्या, सही करतात, एसटीची पाटी जोडून जोडून वाचतात. मोठ्या तोऱ्यात म्हणल्या, लेकरा ओटीपी मीच वाचते, तू नुसता टाक. त्यांनी वाचला, मी टाकला, चुकीचा. परत मागवला, परत चुकीचा. मग मीच मोबाईल हातात घेतला तेव्हा कळलं की मावशी इंग्रजी नऊला एक म्हणत होत्या आणि आठला चार. त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं! मराठी अंक पक्के झालेले, आणि मराठीतला एक न् चार तसाच दिसतो की. पण मोबाईल, एटीएम, गॅसचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, कुठंच मराठी अंक येत नाहीत. मावशींचं तोंड एवढंसं झालं. म्हणल्या, "मंग मपलं शिकणं वायाच गेलं म्हणायचं." वाया नाही गेलं हो, अजून पंधरा दिवस कुणी बसून शिकवलं असतं तर तेवढंही आलं असतं, पण ते पंधरा दिवस बसायचं कुणी आणि कशासाठी? शिकवणाऱ्याला या योजनेत मानधनच नाही. स्वयंसेवक म्हणजे स्वयंसेवक, फुकट.

आणि स्वयंसेवक मिळत नाहीत म्हणून काम येतं शाळेवर. शाळेला टार्गेट, अमुक इतके असाक्षर शोधा, ॲपवर नोंदवा, त्यांना जोडायला स्वयंसेवक दाखवा. २०२३ ला शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, आणि खरं सांगू का मला त्यांचं पटलं होतं, दिवसभर पोरं, मग पोषण आहाराच्या नोंदी, मग निवडणूक, त्यात अजून हे. मग होतं काय की सहावी सातवीतल्या पोराला त्याच्याच आजीचा स्वयंसेवक म्हणून जोडायचं. कागदावर एकदम झकास. घरी आजी म्हणती, बस गप, मला भाकरी टाकू दे.

हे आधी असं नव्हतं. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम निघाला, त्या काळचे रात्रीचे वर्ग म्हातारी माणसं अजून सांगतात, मारुतीच्या पारावर कंदील लावून पाटी घेऊन बसायचं. १९८८ ला साक्षरता मिशन आलं. मग २००९ ला साक्षर भारत, त्यात ग्रामपंचायतीला लोकशिक्षण केंद्र आणि दोन प्रेरक, प्रेरकाला महिन्याला २००० रुपये. दोन हजार म्हणजे काही डोंगर नाही, पण त्या पैशामुळं एक माणूस बांधलेला असायचा. आमच्याकडं प्रेरक ताई होत्या, त्या संध्याकाळी घरोघर जाऊन हाक मारायच्या, कुणी दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी दारात. ३१ मार्च २०१८ ला साक्षर भारत बंद झालं आणि ताई आता अंगणवाडीत मदतनीस आहेत. केंद्राचं कपाट अजून पंचायतीत आहे, चावी कुणाकडं आहे ते कुणालाच माहिती नाही.

कुणी म्हणेल पैसाच नाही तर सरकार काय करणार. पैसा नाही हे मला पटत नाही. लाडकी बहीण आणली तेव्हा सरकारनंच वर्षाला ४६ हजार कोटी लागतील म्हणून सांगितलं होतं, एका राज्यात एका वर्षाचे. बायकांच्या खात्यात पैसा आला हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, दुकानात रोज बघतो, औषधं आणली, पोरीची फी भरली, शेळी घेतली. पण तेच १५०० काढायला बाई माझ्याकडं येती, मशीनवर बोट ठेवती, आणि कापूस वेचून, खुरपून बोटाच्या रेघाच झिजलेल्या असतात, मशीन घेतच नाही. मग दुसरं बोट, मग तिसरं, मग हात धुऊन या, खोबरेल लावा. पैसे निघाले तरी किती निघाले आणि किती उरले हे तिला मी सांगितलं तेच खरं. मी सरळ आहे म्हणून ठीक. सगळेच दुकानदार सरळ असतात असं मी धंद्यातला माणूस असून सुद्धा म्हणणार नाही.

आता परीक्षेचं. उल्लासची चाचणी १५० मार्कांची असते, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. आपल्या राज्यात पहिली झाली १७ मार्च २०२४ ला, रविवार बघून शाळेत ठेवली होती. मार्च! ज्यानं कुणी तारीख ठरवली त्याला मराठवाडा माहिती नसावा. दसरा दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते ट्रकात बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, नवरा बायको मिळून एक कोयता, आणि गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय परत येत नाहीत, पाडव्याच्या पुढं मागं. बीड तर बीड, आमच्या अंबड घनसावंगीकडून पण कितीतरी तांडे वस्त्या रिकाम्या होतात. आणि ज्यांना लिहिता वाचता येत नाही ते जास्त करून हेच लोक आहेत ना? म्हणजे ज्याच्यासाठी योजना तोच परीक्षेच्या दिवशी फडात. ऊसतोडवाल्याचा वर्ग घ्यायचा तर तो मे ते सप्टेंबर घ्यावा लागेल, आणि त्यात पण पेरणी खुरपणी सोडून, रात्री आठच्या पुढं, लाईट असली तर. शाळेच्या वेळापत्रकावर मोठ्या माणसाचं शिक्षण बसवायला गेलं की असंच होणार.

त्या दिवशी शाळेत बसलेल्या बायका मात्र बघण्यासारख्या होत्या. छोट्या बाकावर मांडी घालून, डोक्यावर पदर, पेनाला मुठीत धरलेलं, एकमेकीच्या पेपरात बघायचं आणि वर म्हणायचं मी काही बघितलं नाही. सोबत नातवंडं. पेपर देऊन बाहेर आल्यावर एकीनं मास्तरांना विचारलं, "आता फुडं काय?" मास्तर हसले नुसते.

फुडं काय, हाच खरा घोळ आहे. योजनेच्या कागदात पुढचं सगळं आहे, जीवन कौशल्ये, व्यवसायाची कौशल्ये, तिसरी ते बारावीपर्यंत समकक्ष शिक्षण, निरंतर शिक्षण. गावात त्यातलं मला तरी काही दिसलं नाही. सातवी आठवीत लग्न झालं म्हणून शाळा सुटलेल्या पंचविशीतल्या पोरी आमच्याकडं भरपूर, त्यांना अंगणवाडी, आशा, कुठंतरी लागायचं असतं, आणि दहावी नाहीतर बारावी पाहिजे. त्या माझ्याकडं येतात १७ नंबरचा फॉर्म भरायला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा. पहिला अडथळा, शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या शाळेत, आणि माहेर दोन तालुके पलीकडं. हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र, त्याला एक दिवस. मग फी. मग केंद्र तालुक्याला. आणि एवढं करून गणित इंग्रजी शिकवायला कुणीच नाही, क्लासला जावं तर पोरांच्यात बाईला बसायची लाज वाटते. अर्ध्या जणी फॉर्मपाशीच थांबतात.

मला विचाराल तर फार मोठं काही नको. गावागणिक एक माणूस, शक्यतो गावातलीच बारावी झालेली सून, महिन्याला ठरलेलं मानधन, रोज दोन तास, वेळ बायका ठरवतील ती. बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंना सरकारच्या उमेद अभियानातून मानधन मिळतं आणि ते काम चालतंय, मग हे का नाही चालणार. एका बाईला अक्षर, दुसरीला मोबाईलचे अंक आणि बँकेची स्लिप, तिसरीला १७ नंबरचं गणित, एकाच खोलीत.

आणि दिल्ली मुंबईची वाट बघायची नसेल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला बालकल्याणावर खर्च करावेच लागतात. आमच्याकडं त्यातून दरवर्षी खुर्च्या येतात. अंगणवाडीत आता पोरांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्यात. यंदा ग्रामसभेत मी आणि त्या मावशी मिळून अर्ज देणार आहोत की खुर्च्या बंद, त्यातून वर्ग चालवा. ग्रामसेवक म्हणले ठरावात बसवता आलं पाहिजे, लेखी नमुना आणा मग बघू. तर कुणाच्या पंचायतीनं १० टक्क्यांतून शिकवणारीचं मानधन काढलं असेल तर त्या ठरावाचा फोटो पाठवा, पुढचा कागद मी टाईप करतो.