पस्तीस तासांचा एकच कोर्स सांगा, म्हणता

इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या आपल्या मराठी नर्सेस मला एकच प्रश्न विचारतात, आणि तोही तारीख डोक्यावर आल्यावर: “ताई, रिव्हॅलिडेशन आलंय, ३५ तास एकदम देणारा एखादा ऑनलाइन कोर्स सांगा ना.” रिव्हॅलिडेशन म्हणजे नर्सची नोंदणी टिकवण्यासाठी दर तीन वर्षांनी करावा लागणारा अर्ज. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. असा कोर्स नाही. विकणारे आहेत, प्रमाणपत्रही देतील, पण तेवढ्यानं तुमचं भागणार नाही.

एनएमसीला, म्हणजे तिथल्या नर्सेसची नोंदणी ठेवणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला, तीन वर्षांत ३५ तास शिक्षण हवं असतं आणि त्यातले किमान २० तास ‘पार्टिसिपेटरी’ असावे लागतात. म्हणजे दुसऱ्या व्यावसायिकांबरोबर, बोलून, विचारून, करून झालेले. एकटीनं स्क्रीनसमोर बसून केलेलं ई-लर्निंग कितीही तासांचं असलं तरी या वीसमध्ये धरता येत नाही. थेट वेबिनारमध्ये चर्चा झाली तर ते चालतं, तोच वेबिनार नंतर रेकॉर्डिंगवर ऐकला तर नाही. वॉर्डातलं टीचिंग, सिम्युलेशन, केसवरची चर्चा, जर्नल क्लब हे सगळं चालतं आणि फुकट असतं. तुम्ही ते करताच, फक्त लिहून ठेवत नाही. तारीख, विषय, काय केलं, किती तास, त्यातले पार्टिसिपेटरी किती आणि एनएमसीच्या कोडच्या, म्हणजे आचारसंहितेच्या, कोणत्या भागाशी संबंध, एवढं त्याच दिवशी लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तीन वर्षांनी आठवायला बसलात तर ड्यूटीचे जुने तक्ते उकरत बसाल. आगीचं ट्रेनिंग त्यात घालू नका. तुमच्या कामाशी थेट संबंध नसलेलं सक्तीचं ट्रेनिंग धरत नाहीत.

तीन वर्षांत नर्स म्हणून ४५० तास कामही भरावं लागतं, पण त्याची चिंता बहुतेकींनी उगाच करू नये. आठवड्याला साडेसदतीस तासांच्या नोकरीत ते बारा आठवड्यांत भरतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: हेल्थकेअर असिस्टंट, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, म्हणून केलेले तास यात येत नाहीत.

खरी अडचण पाच रिफ्लेक्शनची, म्हणजे आपल्या कामावर विचार करून लिहायच्या पाच टिपणांची आहे. “सेप्सिसवर सत्र ऐकलं, खूप माहिती मिळाली, आता मी अधिक सजग आहे.” अशी पाच वाक्यं पाच फॉर्मवर घेऊन येता. फॉर्म विचारतो की काय घडलं, काय शिकलात, कामात काय बदललं आणि त्याचा कोडशी संबंध काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसतं, म्हणून सगळं पोकळ वाटतं. एक नमुना देते. सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा रुग्ण, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० टक्के. तब्येत ढासळतेय का ते गुणांनी मोजणाऱ्या न्यूज-टू तक्त्याच्या पहिल्या स्केलवर त्याला ३ गुण पडतात, दुसऱ्या स्केलवर शून्य; जास्त गुण म्हणजे जास्त धोका. दुसरं स्केल ज्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ ठरवलेलं आहे अशांसाठीच, आणि तसं रुग्णाच्या नोंदींत लिहिलेलं असलं तरच. चार्टवर कोणतं स्केल ते कुणी पाहिलंच नाही, तर एकाला विनाकारण जास्त ऑक्सिजन जाईल किंवा दुसऱ्याची ढासळती तब्येत शून्याआड लपेल. “आता मी हँडओव्हरमध्ये लक्ष्य सॅच्युरेशन आणि स्केल दोन्ही विचारते.” हे झालं रिफ्लेक्शन. पान-दीड पान लागत नाही. रुग्णाचं नाव, बेड नंबर, तारीख, ओळख पटेल असं काहीही त्यात नको.

तुमच्या कामाबद्दलचे पाच फीडबॅकही लागतात, पण त्यासाठी छापील फॉर्म मिळवण्याचा आटापिटा कशाला? रुग्णाच्या मुलीनं घरी नेताना “औषधं फार भरभर सांगितलीत” म्हटलं, तर तोही फीडबॅक आहे. लिहून ठेवा.

आता तारखेविषयी, कारण खरं नुकसान इथे होतं. एका नर्सचं सांगते, नाव-गाव मुद्दाम देत नाही. तिची नोंदणी ३१ ऑगस्टला संपत होती. म्हणून शेवटची तारीख ३१ ऑगस्टच, असं तिनं धरलं. प्रत्यक्षात नोंदणी ज्या महिन्यात संपते त्याच्या १ तारखेपर्यंत अर्ज जायला हवा, आणि तो ऑनलाइन खात्यात ६० दिवस आधी उघडतो. एनएमसीच्या ईमेल जुन्या, बंद पडलेल्या पत्त्यावर जात होत्या. आईच्या ऑपरेशनसाठी ती गावी होती. परतली तेव्हा महिना संपत आला होता, आणि तिचे ३५ तास चोख भरलेले होते. पण रिफ्लेक्टिव्ह डिस्कशन, म्हणजे त्या पाच टिपणांवरचं बोलणं, झालेलं नव्हतं, आणि ते एनएमसीच्याच नोंदणीकृत व्यक्तीबरोबर व्हावं लागतं. कन्फर्मर, म्हणजे सगळं पूर्ण झाल्याचं पाहून तसं सांगणारी व्यक्ती, म्हणून मॅनेजर हवी, ती रजेवर. १ सप्टेंबरला ती सकाळी सातला ड्यूटीवर आली. मॅनेजरच्या जागी काम पाहणाऱ्या बाईंनी एनएमसीच्या रजिस्टरवर नाव शोधलं, ते नव्हतं. औषधांच्या ट्रॉलीच्या चाव्या तिच्याकडून घेतल्या गेल्या, सगळ्या स्टाफसमोर. मग रीॲडमिशनचा, म्हणजे पुन्हा नोंदणीचा अर्ज, त्याची फी, दोन ते सहा आठवड्यांची वाट, आणि तोवर खालच्या बँडवर, म्हणजे कमी पगाराच्या श्रेणीत, हेल्थकेअर असिस्टंटचं काम. व्हिसा नोकरीवर टांगलेला, घरी कर्ज. तिच्या नर्सिंगमध्ये काडीचीही खोट नव्हती. अपवादात्मक कारणासाठी थोडी मुदतवाढ मिळू शकते, पण ती तारखेआधी मागावी लागते, आणि तारीख कधीची आहे हेच तिला माहीत नव्हतं. आज, हे वाचून झाल्यावर, खात्यातला ईमेल पत्ता तपासा.

रिव्हॅलिडेशनचं हे सगळं २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात रुग्णांची जी हेळसांड झाली तिच्या चौकशीचा फ्रान्सिस अहवाल २०१३ चा, त्यातली ही शिफारस. तेव्हा मी ठणकावून म्हणायचे की तिथे माणसं अपुरी होती, रिफ्लेक्शन लिहून माणसं वाढत नाहीत. आजही म्हणते. एनएमसी स्वतःच सांगते की ही कामाच्या लायकीची तपासणी नाही. मग वाईट नर्सला हे थांबवतं का? मला तरी तसं दिसलेलं नाही. पण स्केलचा तो प्रश्न हँडओव्हरमध्ये विचारला जाऊ लागला, तोही अशाच एका डिस्कशननंतर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

एजन्सीमार्फत वेगवेगळ्या वॉर्डांत काम करणाऱ्यांनो, तुमची अडचण मला कळते, ठरलेली मॅनेजर नसते. ज्या वॉर्डात जास्त शिफ्ट करता तिथल्या सिस्टरला कन्फर्मर होण्याविषयी वर्षभर आधी विचारून ठेवा. आणि डिस्कशनसाठी मी हवी असेन तर पाचही रिफ्लेक्शन आठवडाभर आधी पाठवा. व्हिडिओ कॉलवर तासभर बसू, एकेक वाचू. कोऱ्या फॉर्मवर सही मी करणार नाही, कितीही ओळखीची असलात तरी.