ऊसतोडीच्या हंगामात टीबीचे सहा महिने: माझा अनुभव

२०२३ ला आमच्याकडं पावसानं पाठ फिरवली होती. बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यात आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. त्या वर्षी कापसात काही हाती लागलं नाही. दसरा झाला आणि दादा, आई, भाऊ, वहिनी आणि तीन वर्षांची चिऊ असे पाचजण सांगलीकडं तोडीला गेले. दादा म्हणजे माझे वडील. ट्रकमध्ये सामान चढवताना ते दोनदा चाकाला टेकून उभे राहिले, ते मला दिसलं होतं. खोकला तेव्हाही होता. "धुळीचा हाय, जाईल," म्हणाले. मी आजीजवळ गावी राहिले.

डिसेंबरमध्ये आईचा फोन आला. दादांना थुंकल्यावर पायानं माती ओढून झाकायची सवय आहे. त्या दिवशी पहाटे मोळी उचलताना उबळ आली आणि माती ओढायची राहून गेली. बॅटरीच्या उजेडात आईला लाल दिसलं. तोवर जवळच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात तीन खेपा झाल्या होत्या. दर खेपेला इंजेक्शन, सलाईन, पाच दिवसांच्या गोळ्या आणि सहाशे-सातशे रुपये. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन महिन्यांचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, ढिला झालेला सदरा, हे सगळं समोर असून बेडका तपासा असं कुणी म्हटलं नाही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला की बेडका तपासायचा, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ती भिंत आमच्या माणसांच्या वाटेत येत नाही.

कारण तोडीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधायच्या, मग गाडी भरायची. गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो, रात्री अकरालासुद्धा येते. आणि आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळची. सकाळी दवाखान्यात जायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचा खाडा. आमच्या टोळीत खाड्याचे पाचशे रुपये कापले जात होते, वर त्या दिवसाचं टनेज, म्हणजे तोडलेल्या उसाच्या टनावर मिळणारी मजुरी, गेलं ते वेगळंच. दादा-आईच्या कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, नव्वद हजार उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती. ती फिटायची असताना खोकल्यासाठी खाडा करायला कोण धजावेल?

मी रात्रीच्या एसटीनं निघाले. दुसऱ्या दिवशी दादांना घेऊन नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. केसपेपरच्या खिडकीवर आधार कार्ड बघून पहिलंच वाक्य ऐकू आलं, "तुमचं गाव बीडकडं ना? मग तिकडंच दाखवा." दादा लगेच मागं वळले. त्यांना वाटलं, नियमच असेल. मला आज सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच की असा नियम नाही. टीबीची तपासणी आणि औषध देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतं, पत्ता कुठलाही असो. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणाले की रक्त पडतंय, एवढ्या लांबून आलोय, तपासल्याशिवाय जाणार नाही. आवाज ऐकून लॅबमधल्या ताई बाहेर आल्या आणि आम्हाला आत घेऊन गेल्या.

ताईंनी झाकणाची डबी दिली. दादांनी लाजत लाजत लाळ टाकली. ताईंनी डबी उजेडात धरली आणि परत केली. "थुंकी नगं मामा, बेडका पायजे. छातीतनं काढायचा." चूळ भरायची, तीनदा खोल श्वास घ्यायचा, तिसरा श्वास थोडा धरून ठेवायचा आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. बाहेर लिंबाखाली दादांनी तसं केलं आणि नमुना निघाला. दुसरी डबी उद्या पहाटेच्या बेडक्यासाठी. पहाटे साडेतीनला दादा कोपीच्या, म्हणजे आमच्या ताडपत्रीच्या झोपडीच्या, मागं उसाच्या बांधावर बसले आणि मी मोबाईलचा उजेड धरला. ती डबी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून मी एकटीच पोचवली, म्हणजे दुसरा खाडा वाचला.

नमुने तालुक्याला गेले. तिथं ट्रूनॅट मशीनवर तपासणी होते. हे मशीन आपल्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे आणि ते बॅटरीवरही चालतं, हे मी नंतर वाचलं. जंतू आहेत का एवढंच नाही, तर रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही, हेही त्यात कळतं. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. "टीबी हाय. पण साध्या औषधाला दाद देणारा हाय, भिऊ नका." मी फोन ठेवला आणि बांधावर बसून रडले. रडण्यात भीती होती आणि सुटकाही होती, कारण औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची धास्ती मी ऐकून होते.

२२ डिसेंबरला औषध सुरू झालं. वजन भरलं त्रेचाळीस किलो. त्या वजनाला रोज तीन गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं, पहिले दोन महिने. मग चार महिने तीन औषधांची गोळी. एचआयव्ही आणि साखरही तपासली, टीबीच्या प्रत्येक रुग्णाची तपासतात. दोन्ही ठीक निघालं. कागदावर एक नंबर लिहून दिला, निक्षय आयडी. टीबीच्या देशभरच्या नोंदीत या नंबरावर रुग्णाचं सगळं असतं, तपासण्या, गोळ्या, वजन, बँकेचं खातं. तो नंबर मी तीन ठिकाणी लिहिला. कार्डावर, माझ्या वहीत आणि कोपीतल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून, कारण कागद पावसात, चुलीत, बैलाच्या तोंडात कुठंही जातो.

गोळ्या चालू झाल्यावर दुसऱ्या दिवशी दादा घाबरेघुबरे झाले. लघवी लालसर केशरी झाली होती. त्यांना वाटलं, आता आतून रक्त सुटलं. त्यांनी गोळ्या पेटीत ठेवून दिल्या. मी ताईंना फोन लावला. रिफाम्पिसिननं लघवीचा रंग बदलतोच, त्यात काही वाईट नाही. हे पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. ज्याला कुणाला फोन करता येत नाही, तो इथंच गोळ्या सोडतो, असं मला वाटतं. मळमळ मात्र खरी होती. उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या आणि लगेच फडात वाकायचं, हे जमेना. मग ताईंच्या सल्ल्यानं वेळ बदलली. तोडीला जायच्या आधी तीनला उठून गोळ्या, तासाभरानं भाकरी. डोळ्यांना अंधुक दिसलं किंवा डोळे पिवळे झाले तर लगेच यायचं, हेही त्यांनी बजावलं.

पहिले तीन आठवडे दादांनी कोयता धरायचा नाही, असं आम्ही ठरवलं. उचल देऊन टोळी नेणारे मुकादम आमच्या शेजारच्या गावचे, नात्यानं आईचे चुलतभाऊ लागतात, म्हणून मी मामा म्हणते. मी त्यांच्यासमोर वही उघडून बसले. म्हटलं, "मामा, खाडा लावा, पण निम्मा लावा. माणूस उभा राहिला तर पुढच्या साली तुमचीच उचल फेडंल." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग निम्म्यावर कबूल झाले. सगळ्यांना असे मामा नसतात. टीबीच्या उपचाराच्या दिवसांचा खाडा लागू नये, हे उचलीच्या करारातच असायला हवं असं माझं ठाम मत आहे. औषध फुकट आहे, पण ते आणायला जायचा दिवस फुकट नाही.

कोपीतलं वेगळंच. बाजूच्या कोपीतल्या बायकांनी पाण्याचा हंडा लांब नेला. वहिनीनं दादांचं ताट वेगळं केलं. वहिनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिच्या मांडीवर लेकरू होतं. ताई एका संध्याकाळी गाडीवरून आल्या, हे त्यांचं काम नव्हतं तरी. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की टीबी ताटातून, कपड्यातून पसरत नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो, आणि औषध नीट चालू राहिलं की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागायचा धोका खूप उतरतो. मग त्यांनी कोपीकडं बघितलं. दहा बाय आठची, वर ताडपत्री, एकच तोंड, आत पाचजण. भावानं त्याच रात्री कोयत्यानं ताडपत्रीला समोरासमोर दोन चौकोन कापले. एकावर आईनं जुन्या साडीचा पडदा शिवला, दिवसा वर बांधायचा. जानेवारीच्या थंडीत सगळे कुडकुडले, पण पडदा कुणी पाडला नाही.

चिऊचं प्रकरण मात्र लांबलं. घरात टीबी असला की सोबत राहणाऱ्या सगळ्यांची तपासणी करायची असते आणि पाच वर्षांखालच्या लेकराला आजार नसला तरी प्रतिबंधाचं औषध द्यायचं असतं, कारण लहानांना तो लवकर आणि वाईट धरतो. पण कोप्या कुठल्याच आशाताईंच्या यादीत नव्हत्या. घरं मोजली जातात ती गावातली, आणि फडाच्या कडेला चार-सहा महिने असलेली वस्ती कुणाच्या वाट्याला येत नाही. शेवटी मी १८००-११-६६६६ या निक्षयच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. आयडी सांगितल्यावर त्यांनी तक्रार लिहून घेतली. आठवड्यानं सगळ्यांची तपासणी झाली, चिऊचा एक्स-रेही निघाला. कुणाला आजार नव्हता. चिऊला रोज एक गोळी, सहा महिने. वहिनी ती पाण्यात विरघळवून द्यायची आणि मागोमाग गुळाचा खडा.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन महिन्यांची तपासणी झाली. बेडक्यात जंतू दिसले नाहीत. दादा तोवर मोळ्या बांधू लागले होते.

मग मार्च आला आणि गोळ्याच संपल्या. २०२४ च्या त्या दिवसांत देशात बऱ्याच ठिकाणी टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा होता आणि राज्यांना आपल्या पातळीवर खरेदी करायला सांगितलं गेलं होतं. आमच्यापर्यंत ते एवढंच आलं की महिन्याच्या जागी पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, मग तीन दिवसांच्या. तीन दिवसांच्या गोळ्यांसाठी नऊ किलोमीटर! एकदा दोन दिवस काहीच नव्हतं. ज्या औषधाबद्दल "एक दिवससुद्धा चुकवू नका" असं आम्हाला शंभरदा बजावलं, तेच कपाटात नाही, याचा मला फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ताईंनी शेजारच्या केंद्रातून एक पट्टी मागवून घेतली. भाऊ रात्री गाडी भरून झाल्यावर सायकलवर जाऊन ती घेऊन आला.

मार्चच्या शेवटी पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि गावी जायची वेळ आली. इथं माणसं हरवतात. निघायच्या आधी नाव नव्या ठिकाणी बदलून घ्यावं लागतं, ते केंद्रातूनच कॉम्प्युटरवर होतं, पण सांगायला माणूस गेलं पाहिजे. ट्रक रात्री निघणार हे दुपारी कळतं! मी आठ दिवस आधीच जाऊन सांगून ठेवलं होतं, सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्या मागितल्या, मिळाल्या दहाच्या. गावच्या केंद्रात पहिल्यांदा गेलो तर "तुमचं नाव इथं दिसत नाही." मी पेटीच्या झाकणाचा फोटो मोबाईलवर दाखवला. आयडी टाकला, नाव सांगलीकडंच दिसत होतं. दोन फोन झाले आणि चौथ्या दिवशी नाव बीडमध्ये आलं. चिऊचं वेगळं करावं लागलं, ते विसरू नका, लेकरांच्या नावानं वेगळी नोंद असते.

पोषण आहाराचे तेव्हा महिन्याला पाचशे मिळायचे (१ नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झालेत). दादांचं खातं केवायसी न केल्यानं बंद पडलं होतं. ते चालू व्हायला मे उजाडला. पैसे एकदम आले, पण अंडी आणि शेंगदाणे लागत होते ते जानेवारीत. उपचार सुरू होताच पहिल्या आठवड्यात खातं चालू आहे का ते बघून घ्या.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शेवटची पट्टी रिकामी झाली. बेडका तपासला, जंतू नाहीत. वजन अठ्ठेचाळीस. डॉक्टरांनी कार्डावर "बरा झाला" लिहिलं. दादांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि मग तंबाखूची चंची चुलीत टाकली. चिऊच्या गोळ्या जुलैअखेर संपल्या.

उपचार संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते. पहिली डिसेंबरात आली, म्हणजे पुन्हा फडातच. ऑक्टोबरमध्ये ट्रक निघायच्या आधी मी लॅबच्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाठव वडलांना, डबी काढून ठेवते." भावानं या वेळी कोपी उभी करतानाच दोन खिडक्या ठेवल्यात. शेजारच्या दोन कोप्यांनाही त्यानंच कापून दिल्यात.