तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात ठेवलेले ते दोन गर्भ

"अजून दोन गर्भ ठेवलेत ना पुण्याला? मग आणत का नाही?"

पुण्याच्या आयव्हीएफ केंद्रात, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून पिशवीत सोडतात तिथे, माझे दोन गर्भ गोठवून ठेवलेत. ते पोटात का घेत नाही, हा प्रश्न मला 2019 पासून विचारला जातोय. जाऊबाई विचारतात, ऑफिसातल्या बायका विचारतात, गेल्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानाच्या गर्दीत भेटलेल्या शाळेतल्या मैत्रिणीनेही विचारलं. पुढे हमखास जोडलेलं असतं, "आता तर किती नवीन नवीन निघालंय." मी "बघू" म्हणते आणि चहाचं बघायला उठते. आज उठणार नाही. लग्न कधी झालं, 2016 मध्ये पहिल्यांदा आयव्हीएफ केलं तेव्हा काय झालं, हे विचारणाऱ्यांना पाठ आहे. ते परत सांगत नाही.

आधी त्या 'नवीन निघालंय'बद्दल बोलते, कारण सगळ्यात जास्त तेच लागतं.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. बिलातली प्रत्येक ओळ कशाची, हे विचारायची मला सवय आहे. माझ्या 2019 च्या बिलात एक ओळ होती: स्क्रॅचिंग. गर्भाशयाच्या अस्तराला बारीक नळीने ओरखडे काढायचे, म्हणजे ते भरून येताना गर्भाला चांगलं धरतं, अशी समजूत. भूल देत नाहीत. दोन-तीन मिनिटांचंच काम, पण मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की उठल्यावर नर्सने माझी बोटं चोळून दिली.

हेच स्क्रॅचिंग न्यूझीलंडच्या संशोधकांनी पाच देशांतल्या 13 केंद्रांत 1364 बायकांवर तपासून पाहिलं होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटाला केलं, दुसऱ्याला नाही. मूल जन्माला येण्याचं प्रमाण दोन्हीकडे 26.1 टक्के, दशांशापर्यंत सारखं. हा निकाल छापून आला जानेवारी 2019 मध्ये. माझं स्क्रॅचिंग झालं मार्च 2019 मध्ये.

हे मला कळलं त्यानंतर दोन वर्षांनी. त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरांना माहीत नसेल." मला अजूनही ठरवता येत नाही, माहीत नसणं वाईट की माहीत असून करणं वाईट. आणि खरं सांगायचं तर स्क्रॅचिंगचं नाव आधी मीच काढलं होतं. कुणाला तरी त्याने राहिलं, असं मी ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, "करून बघू, नुकसान काही नाही." तेव्हाची मी समोर आली तर तिला सांगेन की नुकसान होतं, दुखलं तेवढं होतं आणि पैसे गेले तेवढं होतं. ती ऐकणार नाही, हेही मला माहीत आहे. 40 वर्षांची बाई, तिला कुणी "हेही करून बघू का" म्हटलं तर ती नाही म्हणेल?

पिकअपला, म्हणजे अंडाशयातून बीजं काढतात तेव्हा, नऊ मिळाली. पाच फळली, चार पाचव्या दिवसापर्यंत टिकली. त्यातले दोन एप्रिलमध्ये आत सोडले, दोन गोठवले.

आता त्या एप्रिलबद्दल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठे असेल तर तिथेच आहे.

ट्रान्सफर करून, म्हणजे गर्भ आत सोडून, पुण्याहून आलो. सोलापुरातही केंद्रं आहेत, पण इथे वेटिंग हॉलमध्ये ओळखीचं कुणी भेटेल म्हणून आम्ही पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडायचो. 14 दिवस झोपून राहायचं ठरलं होतं. बाहेर सोलापूरचं ऊन, खोलीत कूलर. रोज संध्याकाळी कमरेखाली प्रोजेस्टेरॉनचं तेलकट इंजेक्शन. पाचव्या दिवसापासून तिथे सुपारीएवढ्या गाठी आल्या, मग गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू पुढे करायची.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. सोलापूरकरांना सांगायला नको, पाण्याच्या दिवशी घरात दुसरं काही चालत नाही. सातव्या दिवशी पाणी अवेळी आलं तेव्हा घरात मी एकटीच होते. झोपून राहिले. नळाखालची बादली भरून वाहायला लागली. उठले, अर्धी भरलेली दुसरी बादली हौदात ओतली, परत येऊन पडले. कुणाला सांगितलं नाही.

चौदाव्या दिवशी रिपोर्ट आला. बीटा, म्हणजे गर्भ रुजला की रक्तात वाढणारं संप्रेरक, 62. पॉझिटिव्ह. 48 तासांनी परत बघायचं, आकडा दीडपट-दुपटीने वाढायला हवा. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, अजून कुणाला बोलू नका. मी सासूबाईंना बोलले. 68 वर्षांची बाई, देवाजवळ साखर ठेवून आली आणि कपाटातली जुनी मऊ लुगडी काढून बसली. कुंची शिवायला कुठलं बरं, म्हणून प्रत्येक लुगड्याचा पदर गालाला लावून बघत होत्या. ते 48 तास मी आई होते. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी पाणी रात्री आठला आलं. सासूबाई एकट्या भरत होत्या. मी नुसतं दारात आले तरी ओरडल्या, "आत जा, हात लावायचा नाही." मी आत गेले आणि फोन वाजला. 38.

नवरा अजून कामावरून यायचा होता. मी पाचेक मिनिटं पलंगावर बसून राहिले असेन. मग बाहेर गेले, नळाखालची भरलेली कळशी उचलली, कमरेवर घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. परत येऊन दुसरी उचलली. सासूबाई नळ धरून उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. आम्ही दोघींनी मिळून सगळं पाणी भरलं, हौद, पिंप, मोरीतल्या बादल्यासुद्धा. ती लुगडी दुसऱ्या दिवशी कपाटात दिसली नाहीत. कुठे ठेवली ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या अर्ध्या बादलीला दोष देत होते. हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. पुढे वाचनात आलं की ट्रान्सफरनंतर झोपून राहिल्याने फायदा होत नाही. अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यकांच्या संस्थेने 2017 मध्येच लिहून ठेवलं होतं की विश्रांतीचा सल्ला सरसकट देऊ नये. म्हणजे ते 14 दिवस पलंगावर पडून राहायची गरजच नव्हती आणि बादलीने काही केलेलं नव्हतं. चाळिशीतल्या बीजातून तयार होणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचे दोष असतात, ते न रुजण्याचं बहुतेक वेळा तेच कारण असतं. हे मला कुणीतरी त्या एप्रिलमध्ये, माझ्या भाषेत सांगायला हवं होतं. "काय उचललंबिचललं नव्हतंस ना?" असं विचारणाऱ्या सगळ्यांनाही.

मग लोक म्हणतात, गर्भ तपासून घ्या, गुणसूत्रांची टेस्ट निघालीय. निघालीय. चीनमध्ये 1212 बायकांवर केलेला अभ्यास 2021 मध्ये आला. त्यात टेस्ट केलेल्यांपैकी 77.2 टक्के बायकांना मूल झालं, न केलेल्यांपैकी 81.8 टक्के. पण त्या बायका 37 पर्यंतच्याच होत्या, गर्भही पुष्कळ होते. माझ्या वयाला ते लागू होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित मला त्या टेस्टचा उपयोग झाला असता. आमच्या एका नातेवाइकाने मात्र टेस्टचं ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "मुलगा का मुलगी तेही कळत असेल की?" कळतं, आणि सांगणं गुन्हा आहे, आत ठेवण्याआधीच्या गर्भासाठीसुद्धा. त्या दिवसापासून त्या घरी मी जेवलेले नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये एकाच आठवड्यात चौघांनी मला एकच बातमी पाठवली. 'सर्वोच्च न्यायालयाचा दिलासा, कायद्याआधी गर्भ गोठवणाऱ्यांना वयाची अट नाही.' तुमचं प्रेम कळतं, पण तो निकाल सरोगसीच्या कायद्याबद्दल आहे. ज्या जोडप्यांनी जानेवारी 2022 मध्ये कायदा लागू होण्याआधीच गर्भ गोठवून सरोगसीची तयारी केली होती, त्यांच्यासाठी. माझी पिशवी ठीक आहे, मला सरोगसी लागत नाही. मला लागतो तो दुसरा कायदा, आयव्हीएफचा. त्यात बाईला 50 ची मर्यादा आहे, आणि गर्भ ठेवायला 10 वर्षांची. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा संशोधनाला द्यायचे. माझ्या बाबतीत दोन्ही मुदती 2029 मध्येच संपतात.

50 ची मर्यादा चूक आहे का? मी दोन्हीकडून भांडू शकते. पुरुषाला 55 आणि बाईला 50, हे मला खटकतं. पण 47 व्या वर्षी गरोदरपणात रक्तदाब, साखर यांचा धोका किती वाढतो तेही मी वाचलंय, आणि बाळ 20 वर्षांचं होईल तेव्हा नवरा 70 चा असेल, हा हिशेब मी रात्री करते. कायद्याने माझ्यासाठी ठरवावं असं वाटत नाही. कुणीतरी ठरवून टाकावं असंही वाटतं.

पैशाचं कुणी विचारत नाही, म्हणून तेही सांगते. कारखान्यातल्या आरोग्य विम्याचे कागद माझ्याच टेबलावर असतात. त्यात काय काय मिळणार नाही, याच्या यादीत सतरावा क्रमांक वंध्यत्वाचा आहे. आमच्या शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा शिवणारी एक तिशीची बाई मला दर पगाराला विचारते, "ताई, किती लागतात?" मी आकडा सांगते, ती मान हलवते आणि पुढच्या महिन्यात परत विचारते, जणू आकडा कमी झाला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की जगात साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. सहातल्या एकाला होणारा आजार विम्यात बसत नाही, तर मग विमा कशासाठी आहे? गोव्याने 2023 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. आपल्या सिव्हिलमध्ये ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. माझ्यासाठी नाही, माझं झालं करून. तिच्यासाठी. आणि ते होईल तेव्हा तिच्या बिलात स्क्रॅचिंगसारखी ओळ असू नये.

तर, आणत का नाही?

भीती वाटते म्हणून. ट्रान्सफरची नाही, गाठींचीही नाही. त्या 48 तासांची. गर्भ गोठलेले असताना वाढत नाहीत, त्यांचं वय माझ्या चाळिशीचंच आहे, त्यामुळे मी थांबल्याने त्यांचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. हे शास्त्र म्हणून बरोबर आहे, पण मी ते लपायला वापरलं. 2020 मध्ये लॉकडाऊन होतं, 2021 मध्ये सासूबाईंचं ऑपरेशन, नंतर कारखान्याचं ऑडिट. प्रत्येक कारण खरं होतं. आणि जोवर ते दोघे तिथे आहेत तोवर मला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. आणले तर एका रिपोर्टमध्ये ते होऊ शकतं.

नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं. पूर्वी मला हे त्याचं प्रेम वाटायचं. हल्ली कधीकधी वाटतं, त्यानेही एकदा स्वतःहून काहीतरी म्हणावं.

दरवर्षी पुण्याहून फॉर्म येतो. तीन रकाने असतात: ठेवणे चालू, नष्ट करणे, संशोधनासाठी देणे. खाली दोघांच्या सह्या. आजवर पहिल्या रकान्यात मीच खूण करायचे, पैसे भरायचे, मग तो सही करायचा. यंदाचा फॉर्म गेल्या मंगळवारी आला. काल खण उघडला तेव्हा दिसलं, त्याची सही झालेली आहे आणि तिन्ही रकाने कोरे आहेत.