हॉटेल सॉफ्टवेअरमधल्या चलन-यादीच्या टूलचं डॉक्युमेंटेशन : माझा अनुभव

हॉटेल सॉफ्टवेअरच्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमने माहिती मागवण्याच्या सोयीत) चलनांची यादी देणारं टूल सगळ्यात किरकोळ समजलं जातं. इनपुट काही नाही, टोकन (ओळख पटवणारी किल्ली) द्यायचं आणि उत्तरात तीन अक्षरी कोड घ्यायचे. म्हणून त्याचं डॉक्युमेंटेशनही बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेलं असतं. हे टूल नीट लिहून काढताना माझं मत पक्कं झालं की, यादी काय देते त्यापेक्षा ती काय सांगत नाही, हे लिहिण्यात जास्त मेहनत घ्यायला हवी.

वर्णनाच्या सुरुवातीलाच मी तीन वाक्यं ठेवली : 'या प्लॅटफॉर्मवर रक्कम नोंदवता येईल अशा सर्व चलनांचे कोड आणि दशांश स्थळं देतं. विनिमय दर देत नाही. एखादं हॉटेल कोणती चलनं स्वीकारतं, हे सांगत नाही.' तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. गोव्यातल्या एखाद्या हॉटेलाने रुपया, डॉलर आणि युरो एवढंच सुरू ठेवलेलं असेल, तरी या यादीत थाई बाट दिसणारच. डेव्हलपर पूर्ण यादी ड्रॉपडाउनमध्ये ओततो, पाहुणा बाट निवडतो आणि बुकिंग सेव्ह होताना एरर येते. हॉटेलने सुरू केलेली चलनं प्रॉपर्टीच्या सेटिंगमधून वाचायची असतात. ते सेटिंग वाचायच्या एंडपॉइंटचा (एपीआयमधल्या पत्त्याचा) दुवा मी वर्णनाच्या लगेच खाली दिला. आता ही वर्णनं एआय एजंटही वाचतात. 'डॉलरचा आजचा दर काय' या प्रश्नाला एजंटने हे टूल उचलू नये, यासाठी दुसरं वाक्य लागतं.

आता दशांश स्थळं. कोड आणि दशांश स्थळांची संख्या, दोन्ही आयएसओ ४२१७ या मानकातून येतात. रुपया, डॉलर, युरो यांना दोन. जपानी येन, दक्षिण कोरियाचा वोन, चिलीचा पेसो यांना शून्य. कुवेत, बहरीन, जॉर्डनचे दिनार आणि ओमानचा रियाल यांना तीन. चिलीच्या सीएलएफ या हिशेबी एककाला तर चार. अनेक पेमेंट गेटवे (कार्डाचे पैसे वसूल करणाऱ्या सेवा) रक्कम पैसे, सेंट अशा सर्वांत लहान एककात मागतात आणि घोटाळा तिथेच होतो. १८,००० येनच्या खोलीला सवयीने १०० ने गुणलं, की गेटवेला १८ लाख येन दिसतात. कुवेतमध्ये उलट होतं : ४५.५०० दिनारचे ४५५० करून पाठवले, तर गेटवे ते ४.५५० दिनार वाचतो. पहिली चूक पाहुणा लगेच पकडतो. दुसरीत हॉटेलचं बिल दहा पट कमी वसूल होतं आणि ते हिशेब जुळवेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नमुना रिस्पॉन्समध्ये मी मुद्दाम रुपया, येन, कुवेती दिनार आणि सीएलएफ अशी चार चलनं घेतली. नमुन्यात फक्त डॉलर आणि युरो असले, की वाचणारा 'दोन' हा आकडा कोडमध्ये कायमचा लिहून टाकतो.

दशांश स्थळं आणि रोखीची पूर्णांकना या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही एका टिपेत लिहावं लागतं. स्विस फ्रँकला दोन दशांश स्थळं आहेत, पण सर्वांत लहान नाणं ५ राप्पेनचं. कार्डावर ८७.४३ फ्रँक घेता येतात, काउंटरवर रोख ८७.४५ घ्यावे लागतात. ही माहिती या यादीत नसते, ती बिलिंगच्या नियमांत ठेवायची.

अंकी कोड देत असाल, तर त्याचा प्रकार स्ट्रिंग आहे असं ठळकपणे लिहा. ऑस्ट्रेलियन डॉलरचा कोड ०३६, बहरीनी दिनारचा ०४८. ते पूर्णांक म्हणून साठवले, की पुढचं शून्य उडतं आणि जुळणी फसते. चिन्हावरून चलन ओळखू नये, हीही सूचना हवी. डॉलरचं चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळेच वापरतात.

सगळ्यात जास्त जागा मी रद्द झालेल्या चलनांना दिली. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला युरो घेतला, बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ ला. पण जुनी फोलिओ (पाहुण्यांची हिशेबाची खाती) क्रोएशियाच्या कुना आणि बल्गेरियाच्या लेव्हमध्येच राहतात. ती बदलायची नसतात. यादीतून कोड थेट काढून टाकला, तर जुनं बिल उघडताना स्क्रीन कोसळते, म्हणून 'सक्रिय' हे फील्ड असणं आणि त्याचा अर्थ नेमका लिहिणं गरजेचं आहे : सक्रिय नसलेल्या चलनात नवी नोंद होणार नाही, जुनी वाचता येईल.

आगाऊ बुकिंगचं प्रकरण त्याहून नाजूक, कारण लेव्हमध्ये घेतलेल्या बुकिंगची रक्कम युरोत बदलावी लागते. लेव्हचा ठरलेला दर १ युरोला १.९५५८३ लेव्ह. हा दर रूपांतरापूर्वी पूर्णांकित करायचा नाही. तीन रात्री, प्रत्येकी १५० लेव्ह : एकेक रात्र बदलली तर ७६.६९ युरो, तिन्ही मिळून २३०.०७. एकूण ४५० लेव्ह एकदम बदलले तर २३०.०८. हा एक सेंटचा फरक ऑडिटमध्ये हमखास वर येतो. कोणती पद्धत वापरली, ते डॉक्युमेंटेशनमध्ये याच आकड्यांसह लिहून ठेवलं की सपोर्टकडचे प्रश्न तिथेच सुटतात.

बाकीचं थोडक्यात. टूल फक्त वाचण्यापुरतं आहे, एका रिस्पॉन्समध्ये पूर्ण यादी येते, पानं पाडलेली नाहीत, क्रमाची हमी नाही. यादी दिवसभर कॅश करायला (स्वतःकडे साठवून वापरायला) हरकत नाही, प्रत्येक बुकिंगला मागवली तर ४२९ एरर, म्हणजे फार वेळा मागणी केल्याची, येऊ शकते. ४०१ म्हणजे टोकन चुकीचं किंवा संपलेलं, ४०३ म्हणजे त्या टोकनला परवानगी नाही. हे दोन्ही वेगळे लिहा, कारण पहिल्यात नवं टोकन घेऊन काम होतं, दुसऱ्यात हॉटेलच्या ॲडमिनला सांगावं लागतं.

बदलांची नोंद मी वेगळ्या पानावर न ठेवता याच पानाखाली ठेवली. प्रत्येक ओळीत तारीख, जुना कोड, नवा कोड, दशांश स्थळं आणि रूपांतराचा दर. उदाहरणार्थ : ३१ मार्च २०२५, क्युरासाव आणि सिंट मार्टेन, एएनजी (नेदरलँड्स अँटिलियन गिल्डर) ऐवजी एक्ससीजी (कॅरिबियन गिल्डर), दोन स्थळं, एकास एक.