निपाणीच्या विहिरीतला मांजऱ्या आणि त्याच्या पोटातले स्फटिक

बेळगावहून निपाणी सुमारे ७५ किलोमीटर आहे. यमकनमर्डी, संकेश्वर ही गावे मागे टाकून तवंदी घाट चढू लागले, की रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात काळा कातळ उघडा पडलेला दिसतो. दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या या काळ्या खडकाची, दक्षिणेकडची कड बेळगाव जिल्ह्यातूनच जाते. याच जिल्ह्यात पूर्वेला, गोकाकला, घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते ती वालुकाश्माच्या कड्यावरून, आणि त्या कड्यात लाव्ह्याच्या पोकळ्या शोधण्यात अर्थ नाही. ज्याला स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या पाहायच्या आहेत, त्याने निपाणीची वाट धरावी.

माझ्या एका मित्राच्या काकांच्या शेतात, निपाणीजवळ, विहिरीचे खोदकाम चालू असल्याचे कळले म्हणून मी तिकडे गेलो होतो. खडकाचा अभ्यास करणाऱ्याला ताज्या विहिरीइतकी चांगली संधी क्वचितच मिळते, कारण उघड्यावर झिजलेला दगड खोटी माहिती देतो आणि विहिरीतून वर आलेला दगड कोऱ्या अंगाने समोर येतो. वरची काळी माती आणि मुरूम संपल्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, म्हणजे खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा बेसॉल्ट, लागला होता, आणि त्याच्या ढिगाऱ्यात अनेक दगड फुटून आतून चमकत होते. काका म्हणाले, "हिरवा लेप असलेला दगड दिसला की फोडून बघा दादा, आत काहीतरी असतंय." त्यांचे हे निरीक्षण अगदी अचूक होते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना त्यातले वायू वर सरकले आणि पृष्ठभागाजवळ बुडबुड्यांच्या रूपात अडकून राहिले. त्या रिकाम्या जागांत पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने खनिजे आणून ठेवली. ती सगळी एकाच वेळी आलेली नसतात, आणि माझ्या मते ओळख पटवण्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी. बहुतेक जण पोकळीतल्या सर्वांत चमकदार स्फटिकाकडे आधी पाहतात आणि रंगावरून नाव ठेवून मोकळे होतात. रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. पोकळी भिंतीकडून मध्याकडे वाचत गेले, तर कोण आधी आले आणि कोण नंतर, हे कळते आणि निम्मी नावे तिथेच सुटतात.

ओंजळीत मावेल अशी एक पोकळी मी भिंगाखाली सावकाश पाहिली. भिंतीला लागून गडद हिरवा, मातकट, नखानेही खरवडला जाणारा पातळ थर होता. तो सेलॅडोनाइट, म्हणजे बेसॉल्टमधल्या लोह-मॅग्नेशियमयुक्त घटकांच्या बदलातून तयार होणारे खनिज. काकांचा हिरवा लेप तो हाच. त्याच्या आत निळसर करड्या, मेणचट चमकेच्या कॅल्सेडनीचा पट्टा होता, ज्याच्या पट्टेदार प्रकाराला आपण अकीक म्हणतो. त्यावर बारीक टोकदार क्वार्ट्झचे दाट आच्छादन, म्हणजे आपली गारगोटी. तिची कठीणता १ ते १० च्या मोह्स मापावर ७, त्यामुळे पोलादी सुरीचे पाते तिच्यावर फिरवले तरी ओरखडा उठत नाही.

या गारगोटीवर फिकट गुलाबी-पिवळसर स्टिल्बाइट बसला होता. मधोमध आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा त्याचा आकार एकदा डोळ्यांत बसला, की तो पुन्हा सहसा चुकत नाही. ह्यूलंडाइटही याच रंगाचा आणि तशाच मोत्यासारख्या झळाळीचा असतो, मात्र त्याचे स्फटिक सुटे, चपटे, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते असतात.

खरा प्रश्न त्याच्या शेजारच्या रंगहीन, काचेसारख्या स्वच्छ स्फटिकाचा होता. पाहणारा त्याला सहज गारगोटी म्हणेल. परंतु त्याचा छेद चौकोनी होता, बाजूंवरच्या बारीक रेषा उभ्या होत्या, आणि एका तुटलेल्या टोकाच्या सपाट पृष्ठावर मोत्याची झळाळी होती. गारगोटीच्या बाजू सहा असतात, त्यांच्यावरच्या रेषा आडव्या असतात आणि ती फुटते तेव्हा सपाट पापुद्रा निघत नाही. खाली पडलेल्या कपचीवर सुरीने ओरखडा उठला, तेव्हा शंका उरली नाही: तो अपोफिलाइट होता. झिओलाइटांच्या, म्हणजे स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट ज्यांत मोडतात त्या पाणी धरून ठेवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमयुक्त सिलिकेट खनिजांच्या, सहवासात तो नेहमी आढळत असला, तरी त्याच्या रचनेत अ‍ॅल्युमिनियम नसल्याने त्याची गणना झिओलाइटांत होत नाही.

सर्वांत शेवटी, स्टिल्बाइटवर बसलेला, दुधी रंगाचा कॅल्साइट. त्याची कठीणता फक्त ३, तो तीन दिशांनी तुटून तिरक्या चौकटींचे तुकडे देतो, आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने जोरात फसफसतो. ही चाचणी सुट्या तुकड्यावरच करावी, असा माझा आग्रह आहे, कारण आम्लाने शेजारच्या झिओलाइटांचे पृष्ठभाग कायमचे खराब होतात. ओरखड्याच्या चाचणीलाही हाच नियम लावावा. चांगल्या स्फटिकावर सुरी चालवणे मला पाहवत नाही.

एका कोपऱ्यात पांढऱ्या सुयांचा झुपका होता. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट हे तिघेही अशाच सुयांच्या रूपात वाढतात आणि भिंगाने त्यांचा निवाडा होत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनाची चाचणीच करावी लागते. म्हणून काकांच्या परवानगीने घेतलेल्या त्या अर्ध्या तुकड्याच्या चिठ्ठीवर, गावाचे नाव, विहिरीतली खोली आणि पोकळीच्या भिंतीपासूनचा थरांचा क्रम लिहून झाल्यावर, त्या झुपक्यापुढे मी एवढेच लिहिले: सुईसारखा झिओलाइट, जात अनिश्चित.